लर्न्ड की लर्न्ट, स्नीक्ड की स्नक? दोन-दोन भूतकाळ असलेल्या इंग्रजी क्रियापदांचं करायचं काय

शब्दरेषा

नमस्कार मंडळी, इंग्रजी व्याकरणातले जाणकार इथे बरेच आहेत म्हणून विचारते. मी मोठ्या वर्गातल्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि जोडीला इंग्रजी मजकुराचं मुद्रितशोधन करते, आणि दोन्हीकडे एकच दुखणं सारखं डोकं वर काढतं. काही क्रियापदांना भूतकाळाची दोन-दोन रूपं आहेत. लर्नचं लर्न्ड पण होतं आणि लर्न्ट पण, बर्नचं बर्न्ड आणि बर्न्ट, ड्रीमचं ड्रीम्ड आणि ड्रेम्ट. इथपर्यंत ठीक आहे, एक ब्रिटिश एक अमेरिकन म्हणून पुढे जाता येतं. पण मग स्नीकचं स्नक कुठून आलं? आम्हाला स्नीक्ड शिकवलं होतं. आणि डाइव्हचं डोव्ह? मुलं सिरीज बघतात, गेम खेळतात, तिथे कानावर पडलेलं वहीत उतरवतात, आणि मी लाल पेन हातात धरून बसते की याला चूक म्हणायचं की सोडायचं.

आत्ताच हातावेगळ्या केलेल्या एका लेखात पहिल्या पानावर स्पेल्ड होतं आणि चौथ्यावर स्पेल्ट, लेखक एकच. डिक्शनरी उघडावी तर दोन्ही दिलेली, एकीत एक आधी आणि दुसरीत दुसरं आधी. आधी दिलेलं ते जास्त बरोबर असं धरायचं असतं का? हँग्ड आणि हंगमध्ये अर्थाचा फरक आहे एवढं माहीत आहे, पण असे अर्थ बदलणारे आणखी कोणते आहेत ते कुणी एकत्र सांगेल का? आणि मुळात एका भूतकाळाची दोन रूपं भाषेनं सांभाळून ठेवलीच कशाला? नुसतं हे बरोबर ते चूक एवढंच नको, कारण कळलं तर मुलांनाही सांगता येईल, आणि कारण सांगितलं की त्यांच्या लक्षात राहतं हा अनुभव आहे.

मोडीवाचक

शब्दरेषाताई, आधी कामाचं सांगतो. तुम्ही दिलेल्या उदाहरणांत दोन वेगळे गट मिसळलेत. लर्न, बर्न, ड्रीम, स्पेल, स्मेल, स्पिल, स्पॉइल, लीन, लीप, नील हा एक गट. यात भांडण फक्त शेवटच्या ईडी आणि टीचं आहे. अमेरिकेत ईडीवाली रूपं जवळपास एकहाती चालतात, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. हे दोन्ही चालतात नीट लक्षात घ्या, कारण आपल्याकडे सरसकट शिकवलं जातं की लर्न्ट म्हणजे ब्रिटिश आणि लर्न्ड म्हणजे अमेरिकन, आणि ते अर्धंच खरं आहे. ब्रिटिश माणूस लर्न्ड लिहितो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. उलट अमेरिकन माणसानं लर्न्ट लिहिलं तर ते वाचताना खटकतं. म्हणून ब्रिटिश पद्धतीच्या पेपरात लर्न्ड दिसलं म्हणून कधीच कापू नका. बाकी नीलचं मात्र उलटं आहे, तिथे अमेरिकेतही नेल्ट चांगलंच रुळलेलं आहे, म्हणजे अख्ख्या गटाला एक नियम लावायला गेलात की फसायला होतं.

दुसरं, विशेषण म्हणून आलं की टीवालं रूप अमेरिकेतही टिकून आहे. जळक्या टोस्टला तिथेही बर्न्ट टोस्टच म्हणतात, रंगाच्या नावात बर्न्ट सिएना असतं. आणि लर्न्डचं विशेषण झालं की उच्चारच बदलतो, विद्वान या अर्थी ते लर्-निड असं दोन अक्षरी म्हणतात. हे मुलांना मोठ्यानं म्हणून दाखवा.

काही व्याकरणवाले असंही सांगतात की क्रिया बराच वेळ चालू असेल तर बर्न्ड बरं, आणि एका क्षणात उरकली तर बर्न्ट, म्हणजे शेकोटी रात्रभर बर्न्ड पण त्यानं हात बर्न्ट. ब्रिटिश लेखनात असा कल दिसतो खरा, पण तो कलच आहे, त्यावर मार्क कापण्याइतका पक्का नियम नाही.

आता यातला सापळा. लर्न्ट, बर्न्ट बघून लोक अर्नचंही अर्न्ट करतात. ते प्रमाण इंग्रजीत धरत नाहीत, तिथे अर्न्डच. उलट ड्वेलचं ड्वेल्ट सगळीकडे चालतं, ड्वेल्ड क्वचित दिसतं. आणि मीन-मेंट, डील-डेल्ट, फील-फेल्ट, कीप-केप्ट यांना पर्यायच उरलेला नाही. खरं तर ही सगळी एकाच मुशीतली. मधला दीर्घ स्वर जुन्या काळात जोडव्यंजनापुढे आखूड झाला, कीपचा ई जाऊन केप्टचा ए आला, तसंच ड्रीमचं ड्रेम्ट झालं. फरक इतकाच की कीपला लोकांनी कीप्ड करून टाकलं नाही आणि ड्रीमला ड्रीम्ड केलं. लीपचं तर गंमतशीर आहे, ईडी लावून लिहिलं तरी प नंतर उच्चार ट असाच होतो, त्यामुळे दोन रूपांतला ऐकू येणारा फरक फक्त स्वराचा आहे, लीप्ट आणि लेप्ट.

डिक्शनरीचं म्हणाल तर क्रमापेक्षा मधला शब्द बघा. मेरियम-वेबस्टरमध्ये दोन रूपांच्या मध्ये ऑर असेल तर दोन्ही साधारण सारख्या वापरातली, आणि ऑल्सो असेल तर दुसरं रूप कमी वापरातलं. कमी वापरातलं, चूक नव्हे. प्रत्येक डिक्शनरीच्या सुरुवातीला हे खुलासे दिलेले असतात, ती पानं कुणी वाचत नाही पण सगळ्यात कामाची तीच.

आणि तुमच्या त्या लेखाचं उत्तर सोपं आहे. स्पेल्ड ठेवा नाहीतर स्पेल्ट ठेवा, पण एका लेखात एकच ठेवा, आणि स्पेल्ट ठेवलंत तर स्मेल्ट, स्पिल्टही त्याच चालीचे ठेवा.

रानवाट

मोडीवाचक यांनी वापराचं छान सांगितलंय, मी ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, दोन रूपं ठेवलीच का. याचं उत्तर मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

जुन्या इंग्रजीत भूतकाळ करायच्या दोन पद्धती होत्या. एकीत शब्दाच्या आतला स्वर बदलायचा, सिंग-सँग-संग, ड्राइव्ह-ड्रोव्ह-ड्रिव्हन, यांना स्ट्राँग क्रियापदं म्हणतात. दुसरीत शेवटी ड किंवा ट जोडायचा, ती वीक. स्वर बदलणारी पद्धत जास्त जुनी, ती इंग्रजी जन्मायच्या कितीतरी आधीपासूनची आहे. ड जोडायची पद्धत जर्मन, डच, इंग्रजी यांच्या सामायिक पूर्वज भाषेत नंतर तयार झाली. पण ती शिकायला सोपी, कुठल्याही नव्या शब्दाला लावता येते, त्यामुळे ती पसरत गेली. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून शेकड्यांनी क्रियापदं आली ती बहुतेक सगळी ईडी लावूनच वापरात आली. आणि जुनी स्वरबदलवालीही एकेक करून तिकडे सरकली. हेल्पचा भूतकाळ एके काळी होल्प होता, क्लाइंबचा क्लोम होता, लाफ, स्टेप, बेक हे सगळे स्वर बदलायचे. सरकताना मधली दोन-तीनशे वर्षं जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदतात, आणि आपण ज्याला दोन रूपं म्हणतोय ती बऱ्याचदा ही मधली अवस्था असते.

2007 मध्ये नेचर नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. त्यात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा माग काढला, मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यातली 145 अनियमित राहिली आणि आज 98 आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोण टिकलं आणि कोण गेलं याचं गणित त्यांना सापडलं. जे क्रियापद जितकं जास्त बोललं जातं तितकं ते हळू बदलतं, आणि शंभर पट कमी वापरातलं क्रियापद दहा पट वेगानं नियमित होतं. इंग्रजीतली सगळ्यात जास्त वापरातली दहा क्रियापदं, बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट, सगळीच्या सगळी अनियमित आहेत. एकूण क्रियापदांत अनियमितांचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी, पण पहिल्या दहात मात्र दहापैकी दहा.

कारण उघड आहे. दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारं रूप पाठ होतं, त्यासाठी नियम लागत नाही. वर्षातून एकदा ऐकलेलं रूप आठवत नाही, मग माणूस नियम लावून मोकळा होतो. स्लेचं स्लू झालं की स्लेड, थ्राइव्हचं थ्रोव्ह की थ्राइव्ह्ड, हे रोज कुणाला लागतं? म्हणून थ्रोव्ह मागे पडलं आणि थ्राइव्ह्ड आलं.

मराठीत हे आपल्याला लगेच पटेल. आपला नियम काय, धातूला ल लावायचा, बस-बसला, चाल-चालला, शिक-शिकला. मग अनियमित कोण? कर-केलं, जा-गेला, ये-आला, हो-झालं, घे-घेतलं, दे-दिलं, खा-खाल्लं, मर-मेला. रोजच्या तोंडातले नेमके तेच. आणि लहान मूल करलं म्हणतं ना, मी करलं, तिथे त्यानं नियम ओळखलेला असतो आणि पाठांतर व्हायचं असतं. इंग्रजी मूल गोचं गोएड आणि ब्रिंगचं ब्रिंग्ड म्हणतं ते अगदी तसंच. दोन रूपांची रस्सीखेच पण आपल्याकडे आहेच, म्हटलं की म्हणलं, मागितलं की मागलं, सांगितलं की सांगतलं. त्यामुळे वर्गात सुरुवात इंग्रजीपासून करूच नका असं मी म्हणेन. आधी विचारा की केलं असं का म्हणतो, करलं का म्हणत नाही.

गोचं वेंट कसं झालं हेही सांगा, मुलांना फार आवडतं. वेंट हा मुळात वेंड या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ, सेंड-सेंटसारखा. गोचा स्वतःचा जुना भूतकाळ वेगळा होता, तो मेला आणि शेजारच्याचा भूतकाळ गोनं आपलासा केला.

शब्दरेषा

रानवाट, करलंचं उदाहरण मी वर्गात नक्की वापरणार, किती सोपं झालं. पण एक अडतंय. सगळी क्रियापदं हळूहळू ईडीकडे चाललीत असं म्हणालात, मग स्नीक्ड सारखं सरळ नियमात बसलेलं रूप सोडून लोक स्नककडे का गेले? हा तर उलटा प्रवास झाला. डाइव्ह्डचं डोव्हही तसंच.

पानोपानी

हा उलटा प्रवास हाच या विषयातला सगळ्यात रंगतदार भाग आहे, आणि तो काही आजचा नाही. 1611 चं किंग जेम्स बायबल उघडलं तर त्यात विहिरी खणल्या या अर्थी डिग्ड असं येतं, आजचं डग नाही. त्याच बायबलात मदत केली या अर्थी होल्पन सापडतं, आजचं हेल्प्ड नाही. म्हणजे एकाच पुस्तकात दोन क्रियापदं उभी आहेत, आणि पुढच्या चारशे वर्षांत डिग नियमाबाहेर गेलं आणि हेल्प नियमात आलं. वेअरचंही तेच, जुन्या इंग्रजीत ते नियमित होतं, पुढे बेअर-बोअर, टेअर-टोअरच्या नादानं वोअर झालं. स्ट्राइव्ह तर फ्रेंचमधून आलेलं, तरी ड्राइव्ह-ड्रोव्हच्या ओढीनं स्ट्रोव्ह झालं, आणि आता त्याचं स्ट्राइव्ह्डही चालतं.

म्हणजे नियम एक ओढ, आणि यमक जुळणाऱ्या शब्दांचा कळप ही दुसरी ओढ. स्टिक-स्टक, स्ट्राइक-स्ट्रक, डिग-डग, हँग-हंग, स्टिंग-स्टंग, स्विंग-स्वंग, स्लिंक-स्लंक, हा अं आणि अ चा कळप इंग्रजीत फार जोरकस आहे. स्ट्रिंग हे मुळात नाम, त्याचं क्रियापद झालं तेही स्ट्रंग घेऊनच. स्नकही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत लिखाणात दिसायला लागतं, आधी गावंढळ समजायचे, आणि आज तिथे ते स्नीक्डच्या बरोबरीला बसलंय. एक नवल मात्र आहे, स्नीकशी यमक जुळणाऱ्या एकाचाही भूतकाळ असा होत नाही, लीकचं लक नाही, पीकचं पक नाही. कळपाशी स्नीकचं साम्य सुरुवातीच्या स आणि शेवटच्या क पुरतंच.

हे माणसाच्या डोक्यात खरंच चालतं याचा एक सुंदर पुरावा आहे. 1958 साली जीन बर्को यांनी लहान मुलांना निरर्थक शब्द देऊन त्यांची रूपं करायला सांगितली होती, तो वग नावाच्या काल्पनिक पक्ष्याचा प्रयोग म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात ग्लिंग असं एक बनावट क्रियापद होतं. मुलांनी बहुतेक सगळ्यांनी ग्लिंग्ड केलं. मोठ्या माणसांना विचारलं तर त्यातल्या बऱ्याच जणांनी ग्लँग किंवा ग्लंग केलं. शब्द अस्तित्वातच नाही, तरी कळपाची ओढ लागली. स्नक ज्यांनी पहिल्यांदा म्हटलं असेल त्यांचं वेगळं काय झालं असणार?

डोव्हमागे ड्राइव्ह-ड्रोव्ह, राइड-रोड, राइट-रोट, स्ट्राइव्ह-स्ट्रोव्ह आहेत. ते अमेरिका आणि कॅनडात रुळलं, ब्रिटनमध्ये अजून डाइव्ह्डच. प्लीडचं प्लेड झालं ते लीड-लेड, ब्लीड-ब्लेड, फीड-फेडच्या जोरावर, पण अमेरिकेतल्या बातम्यांच्या लेखनात संपादक अजून प्लीडेडच करून घेतात. मुद्रितशोधन करता ना, मग हे एक लक्षात ठेवा, कोर्टाच्या बातमीत प्लीडेड.

गॉटनचं तर उलटंच नाटक आहे. लोक समजतात ते अमेरिकेनं काढलं. अहो तेही त्या 1611 च्या बायबलात आहे. ब्रिटननं नंतर टाकून दिलं आणि अमेरिकेनं जपलं. ब्रिटनमध्ये त्याचा तुकडा फरगॉटन आणि इल-गॉटन यात उरलाय. अमेरिकेत तर गॉट आणि गॉटननं कामं वाटून घेतलीत, आय हॅव गॉट अ कार म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आय हॅव गॉटन अ कार म्हणजे मी गाडी मिळवली. इतका उपयोगी फरक ब्रिटिश इंग्रजीला गॉट या एकाच रूपात करता येत नाही, मला तरी अमेरिकन व्यवस्था इथे सरस वाटते.

खडूफळा

मी पण शिक्षक आहे म्हणून वर्गाच्या बाजूनं बोलतो, आणि माझं मत वरच्यांपेक्षा जरा कडक आहे. इतिहास गोड आहे पण दहावीच्या मुलाला पर्याय दिले की तो गोंधळतो. मी वर्गात एकच रूप शिकवतो, दुसरं दिसलं तर कापत नाही पण कडेला पहिलं लिहून देतो. स्नक मात्र निबंधात मी खोडतो, कारण परीक्षकाला ते बोलीतलं वाटू शकतं आणि त्याचा फटका मुलाला बसतो.

ज्या जोड्यांत अर्थ फिरतो तिथे मात्र अजिबात ढिलाई नको. ताईंनी विचारलं म्हणून मला सुचतील तेवढ्या देतो. हँग्ड म्हणजे फाशी दिली, हंग म्हणजे टांगलं, चित्र हंग, गुन्हेगार हँग्ड. शोन म्हणजे चमकला, सूर्य शोन, पण बूट पॉलिश करून चमकवले तर शाइन्ड, म्हणजे कर्म असेल तर शाइन्ड. कॉस्टचा भूतकाळ कॉस्टच, पुस्तक इतक्याला पडलं, पण एखाद्या कामाचा खर्च किती येईल याचा हिशोब मांडला तर कॉस्टेड. गाडी जोरात गेली तर स्पेड, पण काम लवकर करून घेतलं तर स्पीडेड अप. घंटी वाजली तर रँग, पण भोवती कडं केलं तर रिंग्ड. फ्लायचं फ्लू, पण बेसबॉलमध्ये उंच मारून झेल गेला तर फ्लाइड आउट. बेअरची तर दोन भूतकाळवाचक धातुसाधितं आहेत, जन्मला असेल तर बॉर्न, वाहिला किंवा सोसला असेल तर शेवटी ई असलेलं बोर्न.

या शेवटच्यांमागे एक सुरेख तत्त्व आहे. फ्लाइड आउट का, फ्लू आउट का नाही? कारण ते क्रियापद सरळ फ्लायपासून आलेलं नाही, आधी फ्लाय बॉल, म्हणजे उंच मारलेला चेंडू, हे नाम झालं आणि त्या नामाचं पुन्हा क्रियापद झालं. नामातून आलेलं क्रियापद बहुधा नव्यानं सुरुवात करतं आणि ईडी घेतं. रिंग्डचंही तेच, ते कडं या नामातून आलंय. हायलाइटेड म्हणतो, हायलिट कुणी म्हणत नाही, ते पण यामुळेच, आधी हायलाइट हे नाम. उलट अंडरस्टँडचं अंडरस्टुड आणि बेबीसिटचं बेबीसॅट, कारण तिथे आतलं स्टँड आणि सिट हे क्रियापद म्हणूनच ऐकू येतं. हे एक तत्त्व दिलं की मुलं नव्या शब्दांचाही अंदाज बांधू शकतात.

पानोपानी

खडूफळा सर, नामातून आलेलं क्रियापद ईडी घेतं हे फार नेमकं मांडलंत, मी वर स्ट्रंगचं दिलं ते त्याला अपवाद ठरेल. पण हँग्डबद्दल इतकं कडक नको असं वाटतं. फाशीच्या अर्थी हंग कित्येक चांगल्या लेखकांनी शतकानुशतकं वापरलंय. उलटं, म्हणजे चित्र हँग्ड, ही नक्की चूक. पण गुन्हेगार हंग ही शैलीतली उणीव म्हणा, व्याकरणातली चूक म्हणू नका. आणि स्नक खोडण्यापेक्षा बाजूला बोलीतलं एवढं लिहिलं तर मुलगा जास्त शिकेल ना? खोडलं की त्याला वाटतं असा शब्दच नाही, आणि रात्री परत सिरीजमध्ये तोच ऐकतो.

खडूफळा

बोलीतलं असं लिहिणं मान्य, ते जास्त चांगलं आहे, यापुढे तसंच करीन. हँग्डवर मात्र मी ठाम आहे. जिथे भाषेनं दोन अर्थांना दोन रूपं दिलीत तिथे ती वापरावीत, तो फरक फुकट का घालवायचा?

कीबोर्डकर

माझा भाग थोडा वेगळा, मी सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहितो आणि आमच्याकडे ही झटापट रोज असते. टने संपणारी काही क्रियापदं भूतकाळात बदलतच नाहीत, पुट, कट, हिट, सेट. मग इनपुटचं काय? यूजरनं डेटा इनपुट केला हे भूतकाळात इनपुट की इनपुटेड? डिक्शनऱ्या दोन्ही देतात. पुटवरून आलंय म्हणून न बदललेलं एक गट वापरतो, आणि इनपुट हे आधी नाम आहे म्हणून ईडी दुसरा गट लावतो, खडूफळा सरांचं तत्त्व इथे बरोबर लागू पडतं. ब्रॉडकास्ट-ब्रॉडकास्टेड, फोरकास्ट-फोरकास्टेड हीही त्यातलीच, तिथे न बदललेलं रूप जास्त प्रतिष्ठित आहे. फिटमध्ये देश आडवा येतो, ब्रिटनमध्ये कोट फिटेड, अमेरिकेत कोट फिट, पण शिंप्यानं मापाचा करून दिला तर अमेरिकेतही फिटेड. क्विट आता सगळीकडे क्विटच, क्विटेड जुनं वाटतं.

आमच्याकडे यावर उपाय म्हणून एक शब्दसूची ठेवलीय, प्रत्येक वादग्रस्त क्रियापदापुढे कुठलं रूप ते लिहिलेलं, नवीन माणूस आला की ती हातात द्यायची. ताई, मुद्रितशोधनासाठी तुम्हीही अशी करून टाका. आणि इनपुटबद्दल विचाराल तर आम्ही वाक्यच बदलतो, एंटर्ड लिहितो, वाचणाऱ्याला अडखळायला नको.

शब्दरेषा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शब्दसूचीला आजच सुरुवात करते. वर्गासाठी असं ठरवलंय की लर्न्ड-लर्न्ट गटात दोन्ही पूर्ण मार्क, मात्र एका उत्तरात एकच चाल हवी, अर्थ फिरणाऱ्या जोड्यांना मार्क कापायचे, स्नक-डोव्हपुढे बोलीतलं किंवा अमेरिकन असं लिहायचं आणि कापायचं नाही. एकच राहिलं, प्रूव्ह्ड आणि प्रूव्हन? आणि सँक-संक, श्रँक-श्रंक? मुलं द बोट संक असं सर्रास लिहितात.

मोडीवाचक

प्रूव्हचा साधा भूतकाळ प्रूव्ह्डच, तिथे पर्याय नाही. हॅव किंवा बी नंतर आलं तर दोन्ही चालतात, हॅज प्रूव्ह्ड, हॅज प्रूव्हन. नामाच्या आधी विशेषण म्हणून मात्र प्रूव्हनच हवं, अ प्रूव्हन मेथड. प्रूव्हन स्कॉटलंडच्या कायद्यातून पुढे आलं, तिथल्या कोर्टात नॉट प्रूव्हन असा निकालाचा वेगळा प्रकार होता.

सँक-संकमध्ये द बोट संक अमेरिकन डिक्शनऱ्या मान्य करतात, श्रंक आणि स्प्रंगही. तरी लेखी इंग्रजीत सँक, श्रँक, स्प्रँग हीच जास्त सुरक्षित, मुलांना तीच शिकवा आणि संकखाली नुसती रेघ मारा. हॅव ड्रँक, हॅव वेंट दिसलं तर मात्र बिनधास्त कापा, प्रमाण लेखनात त्याला जागा नाही. आणि संकन, श्रंकन, ड्रंकन, मोल्टन ही जुनी धातुसाधितं आता फक्त विशेषणं म्हणून उरलीत, बुडालेलं जहाज अ संकन शिप, पण जहाज बुडालंय म्हणायचं तर हॅज संक. सूचीत यांचा वेगळा रकाना करा, मुद्रितशोधनात हीच सगळ्यात जास्त निसटतात.